वाळवीचे पाणी तोडा

वाळवी दिसली की बहुतेक घरांत ठरलेला क्रम सुरू होतो. कोणीतरी बाजारातून फवारणीचा डबा आणतो, चौकटीवर चढलेली मातीची रेघ झाडूने साफ करतो, त्या जागी फवारा मारतो आणि वर रंगाचा हात फिरवतो. महिना-दोन महिने शांततेत जातात. मग तशीच रेघ दुसऱ्या खोलीत, कपाटामागे किंवा देवघराच्या पाटाखाली उगवते आणि औषध भेसळीचे होते असा निष्कर्ष निघतो. औषध बहुधा चांगलेच असते. फवाऱ्याने मेलेली वाळवी ही अन्न आणायला बाहेर पडलेली कामकरी वाळवी असते. राणी, अंडी, पिल्ले आणि बाकीचे लाखभर कामकरी जमिनीत असतात, कधी भिंतीपासून बरेच दूर. तिथवर डब्यातला एक थेंबही गेलेला नसतो.

म्हणून औषधाकडे वळण्याआधी वाळवीची गरज काय आहे ते पाहू. तिचे अंग मऊ आणि कातडी पातळ असते. उघड्या, कोरड्या हवेत ती फार काळ तग धरत नाही. मातीच्या कणांत लाळ आणि विष्ठा कालवून ती जी नळी बांधते, तिच्यात ओल टिकते, उजेड येत नाही आणि मुंग्यांपासून आडोसा मिळतो. तिला लाकूड हवे आणि ओल हवी. घरातले सगळे लाकूड, कागद, कापड काढून टाकणे कोणालाच शक्य नाही. ओल मात्र काढता येते आणि मातीपासून लाकडापर्यंतची वाटही तोडता येते. हे दोन्ही न करता केलेला औषधोपचार महाग पडतो आणि लवकर संपतो. या लेखात औषधांबद्दल बरेच काही आहे, पण ते मुद्दाम उत्तरार्धात ठेवले आहे.

आधी शत्रू नीट ओळखा

वाळवीला पांढरी मुंगी म्हणण्याची जुनी सवय आहे. मुळात ती मुंगीच्या नव्हे तर झुरळाच्या कुळातली, आणि मुंग्या तर तिचे जन्माचे वैरी. त्यामुळे मुंग्यांसाठीचा खडू किंवा दाराशी भुरभुरलेली पावडर तिला अडवत नाही. ती दाराने येतच नाही, जोत्यातून किंवा भिंतीच्या पोटातून येते.

आपल्याकडे घरांचे सर्वाधिक नुकसान करते ती जमिनीतली वाळवी. तिची खूण म्हणजे माती: भिंतीवरून, चौकटीवरून, पाइपावरून चढलेली पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक मातीची नळी. दुसरी असते कोरड्या लाकडातली वाळवी. ती मातीशी संबंध न ठेवता लाकडातच राहते आणि लाकडातल्या किरकोळ ओलीवर भागवते. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट किनारी भागांत तिचा संशय आधी घ्यावा. ती नळ्या बांधत नाही. लाकडाला पाडलेल्या बारीक भोकातून ती लेंड्या बाहेर ढकलते आणि फर्निचरखाली खसखशीसारख्या दाण्यांचा छोटा ढीग साठतो. चिमटीत धरले तर हे दाणे टणक आणि खरखरीत लागतात. तेच जर अगदी मऊ पीठ पडत असेल आणि लाकडावर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके असतील, तर ती वाळवी नव्हे. तो लाकूड पोखरणारा भुंगेरा. त्याचा उपाय लाकडापुरता असतो. त्यासाठी सगळ्या घराच्या फरशीला भोके पाडून घेतलेली माणसे आहेत. काम करणाऱ्याने चूक सांगितली नाही, कारण त्याला ती सांगण्यात फायदा नव्हता.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे घोंघावू लागतात आणि सकाळी फरशीवर पंखांचा खच पडलेला असतो. ही प्रजननासाठी बाहेर पडलेली वाळवी. पंखवाल्या मुंग्याही याच दिवसांत उडतात, तेव्हा एक किडा कागदावर घेऊन नीट बघा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि अंगापेक्षा बरेच मोठे असतात, कंबर बारीक नसते आणि मिशा सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, कंबर चिमटलेली आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या.

हे किडे खिडकीतून दिव्याकडे आले असतील तर घाबरण्यासारखे काही नाही. परिसरात कुठेतरी वारूळ आहे एवढेच ते सांगतात. दिवा बंद करा, खिडकी लावा, सकाळी झाडून टाका. हजारोंतून एखादीच जोडी कुठे ओल्या मातीत घर करते. पण खिडक्या बंद असताना ते चौकटीच्या फटीतून, स्कर्टिंगमागून किंवा स्विचबोर्डातून निघत असतील तर गोष्ट वेगळी. वसाहत घराखाली किंवा घरातच आहे आणि ती काही वर्षे जुनी आहे, कारण नवी वसाहत पंखवाली पिढी बाहेर सोडत नाही. ज्या फटीतून ते निघाले त्या जागेचा फोटो काढून ठेवा. पुढे औषध कुठे द्यायचे याचा इतका अचूक पत्ता पुन्हा मिळणार नाही.

भिंतीवर नळी दिसली तर ती लगेच पुसून टाकू नका. मधला बोटभर तुकडा मोडा आणि दोन-तीन दिवस थांबा. तुकडा ओल्या मातीने पुन्हा जोडला गेला तर नळी वापरात आहे. नाही जोडला तर ती जुनी, सोडलेली असू शकते, पण म्हणून वाळवी गेली असे नाही, तिने वाट बदलली असेल.

कुठे बघायचे

हातात बॅटरी आणि एक स्क्रूड्रायव्हर घ्या. मुठीने लाकूड ठोठावत जा. भरीव लाकूड खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द वाजते. संशय आला तर टोक दाबून बघा. वाळवी वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतून खाते, त्यामुळे रंग आणि पॉलिश धडधाकट दिसत असताना टोक सरळ आत जाते.

फ्लॅटमध्ये सुरुवात करायची जागा एकच: बाथरूमच्या दाराची चौकट, खालचे दोन कोपरे. तिथे लाकूड फरशीत रुतलेले असते आणि रोज पाणी लागते. त्यानंतर बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवरचे कपाट. आतले कपडे बाहेर काढून मागचा प्लाय बघा. बेडरूमच्या भिंतीतले वॉर्डरोब महिनोन्‌महिने मागून कोणी पाहिलेले नसतात आणि पलीकडच्या शॉवरच्या पाइपाची गळती तिथेच झिरपत असते. मग सिंकखालची ट्रॉली, पोटमाळ्यावरची पुठ्ठ्याची खोकी, जुने लाकडी वायरिंग किंवा मीटरबोर्ड, भिंतीवर ठोकलेले लाकडी पॅनेलिंग आणि पाइपांचा डक्ट. रंगाला फुगे आले असतील किंवा भिंतीवर कारण नसताना मातकट डाग पडला असेल, तर तिथला पापुद्रा नखाने खरवडून बघा.

वरच्या मजल्यावर वाळवी कशी येईल, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. डक्टमधून, वायरींच्या पाइपांतून, भिंतीच्या फटींतून ती चार-पाच मजले सहज चढते. शिवाय सतत गळती असलेल्या भिंतीत काही जातींची वाळवी जमिनीशी संबंध तोडून वरच घरटे करते, कारण पाणी तिला तिथेच मिळते. अशा वेळी तळमजल्यावर कितीही औषध ओतले तरी उपयोग नाही. प्लंबर आधी बोलवावा लागतो.

ओल आणि माती

या भागाचा खर्च सर्वांत कमी आणि परिणाम सर्वांत जास्त, तरी लोक हाच भाग टाळतात. यात ‘ट्रीटमेंट’ केल्याचे समाधान नसते हे त्याचे कारण असावे.

घराबाहेरून एक फेरी मारा. एसीच्या पाण्याची नळी भिंतीच्या पायाशी ठिबकते का? टाकी भरून वाहिली की पाणी कुठे पडते? छपराच्या पन्हळी फुटल्या आहेत का, पागोळ्या थेट जोत्यावर आपटतात का? कुंड्या आणि बागेचा वाफा भिंतीला टेकून आहे का? बंगल्याभोवती हौसेने माती चढवून हिरवळ लावली जाते आणि जोत्याची उंची बघता बघता निम्मी होते. मातीची पातळी जोत्याच्या वरच्या कडेला आली की वाळवीला उघड्यावर नळी बांधावीच लागत नाही. ती गिलाव्यामागून कोणाला न दिसता आत जाते. म्हणून भिंतीलगतची माती काढून जोते उघडे पाडा आणि घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार दिलेला काँक्रीटचा पट्टा करून घ्या. बांधकामवाले त्याला प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. त्याचा एक फायदा पाण्याचा निचरा आणि दुसरा म्हणजे त्यावरून चढणारी नळी डोळ्यांना दिसते. वाळवीच्या बाबतीत दिसणे हे अर्धे काम आहे.

लाकूड आणि माती यांची थेट गाठ कुठे पडते ते शोधा. भिंतीला टेकवलेली शिडी, बांधकामातून उरलेल्या फळ्या, अंगणातल्या तोडलेल्या झाडाचा बुंधा, मांडवाचे गाडलेले वासे. बुंधा मुळासकट काढणे कष्टाचे आहे, पण घरापासून हातभर अंतरावर कुजणारे खोड म्हणजे वाळवीला दिलेले आमंत्रण.

घरात कपाटे भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवा. रद्दी महिनोन्‌महिने साठवू नका. गणपतीच्या मखराच्या फळ्या आणि पुठ्ठे वर्षभर पोटमाळ्यावर पडून असतात. ते प्लास्टिकच्या झाकणाच्या पेटीत ठेवा आणि दिवाळीच्या साफसफाईत उघडून बघा. खरेदीखत, विम्याचे कागद, जुनी प्रमाणपत्रे लोखंडी कपाटात सुरक्षित असतात हा समज सोडा. कपाटाच्या तळाला किंवा मागे गंजून पडलेले भोक वाळवीला पुरते. 2023 मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादमध्ये बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेल्या सुमारे 18 लाख रुपयांच्या नोटा वाळवीने खाल्ल्याचे उघड झाले होते. लॉकरचा दरवाजा पोलादी असला तरी मागची भिंत भिंतच असते.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. मीठ, कापूर, हिंग, कडुनिंबाचे तेल, व्हिनेगर यांनी जिथे लागते तिथली वाळवी मरते किंवा तात्पुरती बाजूला होते. वसाहतीला काही होत नाही. उन्हाचा उपाय मात्र खरा आहे: खुर्ची, पाट, पुस्तके एप्रिल-मेच्या कडक उन्हात घातली तर ओल जाते आणि आतली वाळवीही मरते. चौकटीत रॉकेल ओतू नका. त्याचा परिणाम उडून जातो आणि वायरिंगजवळ आग लागायची भीती राहते.

गावचे बंद घर

कोकणातल्या घराची गोष्ट वेगळी आहे आणि ती थोडी सविस्तर सांगायला हवी. मुंबई-ठाण्यातले चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला दार उघडतात, एरवी घर बंद. आत अंधार, दमट हवा, कोणाची वर्दळ नाही. वाळवीसाठी याहून बरी सोय नसते. पूर्वी चूल रोज पेटायची, तिचा धूर आणि ऊब वाशांपर्यंत जायची, घर दरवर्षी पावसाआधी शाकारले जायचे आणि त्या निमित्ताने आढ्यापासून रिपेपर्यंत सगळे लाकूड हाताखालून जायचे. चूल गेली, शाकारणी गेली, कौलांच्या जागी पत्रे आले. लाकूड मात्र तेच राहिले.

जुन्या सुतार-गवंड्यांना वाळवी माहीत होती याचा पुरावा घरातच असतो. लाकडी खांबाखाली दगडाचा तळखडा आहे. लाकूड जमिनीला टेकू द्यायचे नाही एवढा एक नियम त्यात आहे. पुढच्या दुरुस्त्यांत आपण तो मोडला. जमीन उंच करून फरशी घातली तेव्हा तळखडे फरशीखाली गेले आणि खांबाचा पाय सिमेंटात रुतला. तुमच्या घरात असे झाले असेल तर खांबाभोवतीची फरशी थोडी कापून दगड पुन्हा मोकळा करून घ्या. जमत नसेल तर निदान त्या सांध्याची तपासणी दर खेपेला करा.

जांभ्याच्या भिंतीला आतून छिद्रे असतात आणि जुन्या घरांत चिरे मातीच्या चिखलावर बसवलेले असतात. वाळवी त्या चिखलातून वर चढून थेट पाटईला, वाशांच्या टोकांना गाठते. भिंतीवर नळी दिसायलाच हवी असे नाही. म्हणून वासे भिंतीवर जिथे टेकतात ती टोके बॅटरी लावून, शिडीवर चढून बघायची. बाहेरच्या अंगाने दर्जा चुन्याने किंवा सिमेंटने भरून घेतल्या तर पाणी आत मुरणे कमी होते. वळचणीला सरपण रचण्याची पद्धत सोडून द्या. लाकूडफाटा, झावळ्या, पेंढ्याचे भारे घरापासून लांब, दगडांवर उचलून ठेवा.

वाशांना आणि चौकटींच्या बुडाला काजूच्या टरफलांचे तेल किंवा बिब्ब्याचे तेल लावण्याची जुनी रीत आहे. ती चांगली आहे. दोन्ही तेलांनी कातडीला फोड येतात, तेव्हा हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात. डांबर लावणेही चालते, पण तेही अंगाने सुक्या, न पोखरलेल्या लाकडालाच. आत वाळवी असताना वरून डांबर फासले तर तुमच्या नजरेतून ती नाहीशी होते, लाकडातून नाही.

घर बंद करून निघताना गाद्या-गोधड्यांचे ढीग जमिनीवर किंवा भिंतीला लावून ठेवू नका, पलंग भिंतीपासून ओढून घ्या, मोरीचा नळ मुख्य कॉकला बंद करा. किल्ली ज्यांच्याकडे ठेवता त्यांना महिन्यातून एकदा दारे-खिडक्या दिवसभर उघडी ठेवायला सांगा, विशेषतः पाऊस उघडल्यावर. सोबत चार ठरावीक जागांचे फोटो मागवा: माजघरातला खांब, मोरीची चौकट, माळ्याची तुळई, देवघर. बघून या असे मोघम सांगितले की दार उघडून बंद होते आणि ‘सगळे ठीक आहे’ असा निरोप येतो.

मराठवाड्यातल्या किंवा देशावरच्या माळवदाच्या घरांना एक जास्तीचा धोका आहे. तिथे लाकडी तुळयांवर मातीचे टनावारी ओझे असते. तुळई पोखरली असेल तर औषधाचा विचार नंतर, आधी खाली टेकू लावून ती बदलायची.

अंगणाच्या कडेला वारूळ असेल तर लगेच पहार घेऊन धावू नका. त्यातली वाळवी बरेचदा पालापाचोळ्यावर बुरशी पिकवून जगते, पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी त्याच बुरशीची. लांबचे वारूळ राहू दिले तरी चालते. घराला लागून असेल तर पहारीने भोके पाडून आत औषधाचे पाणी ओततात, साधारण एक घनमीटर वारुळाला 4 लिटर. सोडलेल्या वारुळात साप असतात हे विसरू नका.

औषध घालताना

आता औषध. भारतात इमारतींच्या वाळवी-प्रतिबंधासाठी आयएस 6313 हे मानक आहे. त्याचा पहिला भाग बांधकामातल्या काळजीचा, दुसरा बांधण्याआधीच्या रासायनिक उपचाराचा, तिसरा बांधून झालेल्या घरांचा. कोटेशन देणाऱ्याला ‘आयएस 6313 भाग 3 प्रमाणे करणार का’ असे विचारा. उत्तरापेक्षा त्याचा चेहरा जास्त सांगतो.

बांधलेल्या तळमजल्याच्या घरात कामाची पद्धत साधारण अशी. भिंत आणि फरशीच्या सांध्याशी 12 मिलिमीटरची भोके 30 सेंटिमीटर अंतराने पाडतात, प्रत्येकात सुमारे एक लिटर औषधाचे पाणी दाबाने सोडतात आणि सिमेंटने भोक बुजवतात. चौकटींना भिंतीच्या सांध्याशी 6 मिलिमीटरची तिरकी भोके 15 सेंटिमीटरवर. बाहेरून जोत्याभोवतीची माती वेगळी भिजवतात. फरशीखालच्या मातीत सलग विषारी पट्टा तयार व्हावा हा त्यामागचा हेतू. म्हणून मधली भोके गाळली तर सगळे काम वाया जाते. वाळवी नेमकी तीच जागा शोधते.

आता हिशेब करा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचा घेर 44 फूट, म्हणजे तेरा मीटरच्या वर. दाराची जागा सोडली तरी चाळीसेक भोके आणि तेवढेच लिटर औषधाचे पाणी. तीन खोल्यांचे घर एका पाठीवरच्या पंपात आटोपणारा माणूस फरशीला भोके पाडून गेला, औषध देऊन नाही. वरच्या मजल्यावर मात्र हा प्रकार लागू होत नाही. स्लॅबखाली माती नसते, तेव्हा स्लॅबला भोके पाडू देऊ नका. तिथे विटांच्या भिंतीतली तिरकी भोके, चौकटी, डक्ट आणि गळती एवढेच काम. भोके पाडण्याआधी भिंतीतल्या वायरी आणि पाइप कुठून जातात ते खडूने आखून द्या.

औषधांत तीन-चार नावे ऐकू येतील. क्लोरपायरीफॉस 20 टक्के हे जुने, स्वस्त आणि उग्र वासाचे. एक टक्क्याचे पाणी करायला लिटरला 50 मिलिलिटर लागते. युरोपीय संघाने 2020 मध्ये त्याचा वापर बंद केला. माझे मत असे की राहत्या घराच्या आतल्या भागात ते टाळावे. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के हे लिटरला 2.1 मिलिलिटर या प्रमाणात वापरतात. त्याला जाणवण्याजोगा वास नाही, वाळवीला ते कळत नाही, ती त्यातून ये-जा करते आणि एकमेकींच्या संपर्काने ते आत पसरते. फिप्रोनिलचेही तसेच. बायफेन्थ्रिन वाळवीला जाणवते आणि दूर ठेवते, त्यामुळे पट्टा सलग असेल तरच त्याचा फायदा. बाजारातल्या ‘हर्बल’ नावाच्या बाटलीत काय आहे हे लेबलवर लिहिलेले नसेल तर ती घेऊ नका. आल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर यांवर 1996 पासून आणि जुन्या घरांत पुड्यांनी वापरल्या गेलेल्या गॅमेक्झिन पावडरीवर 1997 पासून बंदी आहे. माळ्यावर एखादी जुनी पुडी सापडली तर वापरू नका.

इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधानंतर पहिले काही आठवडे थोडीफार वाळवी दिसली तर ते अपयश नाही. पण त्या काळात वरून दुसरा फवारा मारू नका. उग्र वासाने ती औषधाची जागाच टाळू लागते.

काम करणाऱ्याकडे कीटकनाशक कायदा, 1968 खालचा परवाना आहे का, हे आधी बघा. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, लेबलवरचे नाव, टक्केवारी, मुदत आणि त्रिकोणाचा रंग वाचा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. विहीर किंवा बोअरवेल जवळ असेल तर तिच्यालगत औषध सोडू देऊ नका, हे लेखी घ्या. माशांची टाकी दुसऱ्या घरी हलवा, कारण यातली बरीच औषधे माशांना फार कमी मात्रेतही मारक असतात. स्वयंपाकघरातले धान्य-भांडी बाहेर काढा. गरोदर बाई, तान्हे मूल, दमेकरी माणूस असेल तर त्या दिवशी आणि पुढचा दिवसभर दुसरीकडे राहणे बरे.

कोरड्या लाकडातल्या वाळवीला मातीतले हे औषध चालत नाही. वस्तू लहान असेल तर ती टाकून द्यावी किंवा लाकडाच्या भोकांत औषध सोडावे. फर्निचरच्या न रंगवलेल्या मागच्या बाजूला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचे द्रावण मुरवणे हा प्रतिबंध म्हणून चांगला आहे. ते पाण्यात विरघळते, म्हणून फक्त घरातल्या कोरड्या लाकडासाठी.

सोसायटीत एकाच फ्लॅटने केलेले काम अर्धवट राहते. वसाहत इमारतीखाली असते आणि डक्ट सगळ्यांचा असतो. जिन्यातला मीटररूम, पार्किंगमधली गळकी टाकी आणि बागेचा वाफा सोसायटीच्या ताब्यात आहे, तेव्हा हा विषय सर्वसाधारण सभेत फोटोंसह मांडा. तळमजल्यावरच्यांचा प्रश्न म्हणून तो ढकलला जाईल. चौथ्या मजल्यावरची एक बद्द वाजणारी चौकट दाखवली की चर्चा वळते.

नवे घर, नवे फर्निचर

घर बांधत असाल तर वाळवीवरचे सर्वांत स्वस्त काम पाया भरताना होते. शटरिंगच्या फळ्या, खुंट्या, मुळे, सिमेंटच्या पिशव्या जोत्याच्या भरावात राहू देऊ नका. मजूर त्या तिथेच पुरतात, कारण बाहेर नेणे जड जाते. मग पायाच्या चरात, भिंतीलगतच्या भरावात, दाबलेल्या मुरुमावर काँक्रीट घालण्याआधी आणि शेवटी घराभोवती अशा टप्प्यांनी औषध देतात. जोत्याच्या पृष्ठभागाला प्रति चौरस मीटर 5 लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या जोत्याला साधारण 465 लिटर होते, म्हणजे क्लोरपायरीफॉसचे 23 लिटर किंवा इमिडाक्लोप्रिडचे जवळपास 1 लिटर मूळ औषध. हे आकडे ठेकेदारासमोर म्हणून दाखवा आणि रिकामे डबे मोजा. पाऊस चालू असताना किंवा माती चिखल झालेली असताना औषध देऊ नका. दिल्यावर काँक्रीट लवकर पडले पाहिजे.

लाकडात साग टिकतो तो त्याच्या गाभ्यामुळे. फळीच्या कडेला राहिलेला फिकट पट्टा साग असला तरी वाळवी खाते, म्हणून चौकट घेताना रंग बघा, नुसते नाव नको. प्लायच्या बाबतीत ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द मुख्यतः त्याच्या गोंदाबद्दल आहे. आयएस 710 च्या मरीन प्लायला लाकडावर प्रक्रियाही अपेक्षित असते, तेव्हा तो शिक्का फळीवर आहे का बघा, फक्त बिलावर नको. बाथरूमला लाकडी चौकट घालण्याचा हट्ट आता सोडावा. ग्रॅनाइटची चौकट दिसायलाही बरी दिसते.

ठेकेदार पाच, कधी दहा वर्षांची हमी देतात. तिच्यात बहुधा पुन्हा औषध देण्याचे वचन असते, खाल्लेल्या फर्निचरची भरपाई नसते. कोणत्या भोकात कुठे औषध गेले याचा साधा नकाशा त्यांच्याकडून सहीसह घ्या. नंतर एसीसाठी, नळासाठी किंवा बागेसाठी कुठे खोदले तर तिथला पट्टा तुटतो आणि तेवढ्या जागी पुन्हा औषध द्यावे लागते, शिवाय हमीची मुदत असताना ते खोदकाम त्यांना कळवावे लागते. हमीच्या काळात नळी परत दिसली तर ती मोडू नका, पुसू नका. फोटो काढा, तारीख लिहा आणि माणूस येईपर्यंत तशीच ठेवा. नळी कुठून निघते हे त्याला बघायचे असते आणि ते दाखवणारी दुसरी कोणतीही खूण घरात नसते.